राष्ट्रीय टेनिस टीमच्या टायसाठी खेळाडू आणि ठिकाण कसं निवडायचं: क्रम चुकवू नका

बहुतेक वेळा होतं काय, टायची तारीख जाहीर झाली की पहिला प्रश्न येतो की कुठलं स्टेडियम मोकळं आहे. मग तिथे जे कोर्ट असेल तेच आपलं सरफेस (म्हणजे कोर्टाचा पृष्ठभाग: हार्ड, माती म्हणजे क्ले, किंवा गवत म्हणजे ग्रास), आणि सगळ्यात शेवटी रँकिंगची यादी काढून वरची पाच नावं उचलायची की सिलेक्शन झालं. टाय २-३ ने गेली की सगळे म्हणतात थोडक्यात हुकलं. पण बरेचदा ते थोडक्यात हुकलेलं नसतं, दोन महिने आधीच हुकलेलं असतं कारण सगळी कामं उलट्या क्रमाने केलेली असतात.

बरोबर क्रम असा: आधी नियम आणि तारखा, मग तीन पॉइंटचं गणित, मग कोण खेळाडू खरंच येणार आहेत ते, मग सरफेस, मग जागा, आणि पाच नावांची यादी सगळ्यात शेवटी. खाली हाच क्रम ठेवलाय, मधले टप्पे गाळू नका.

शब्दांचं एकदा सांगून ठेवतो. दोन देशांमधली पूर्ण लढत म्हणजे टाय आणि त्यातली एकेक मॅच म्हणजे रबर. इथलं सगळं मुख्यतः डेव्हिस कपच्या (पुरुषांच्या देशांमधल्या स्पर्धेच्या) यजमान-पाहुणे पद्धतीच्या टायला धरून आहे, म्हणजे दोन दिवस, चार एकेरी, एक दुहेरी, प्रत्येक रबर तीन सेटपैकी दोन. एक रबर म्हणजे एक पॉइंट, तीन पॉइंट झाले की टाय तुमची. बिली जीन किंग कप (महिलांची तशीच स्पर्धा) किंवा खालच्या ग्रुपमधल्या एकाच ठिकाणी होणाऱ्या स्पर्धांची रचना वेगळी असते, तिथे गणित बदलतं पण विचार करायची पद्धत तीच.

## टप्पा १: नियमावली आणि उलटी मोजलेली तारीखवही

यजमान कोण हे तुम्ही ठरवत नाही. दोन देशांची मागची टाय ज्यांच्याकडे झाली त्यांनी आता बाहेर जायचं असा साधारण नियम, आणि आधी कधी भिडलेच नसतील तर चिठ्ठी. यजमानपद मिळालं की सरफेस, इनडोअर की आउटडोअर आणि शहर हे निवडायचा हक्क तुमचा. तो हक्क मोकाट नाही मात्र, कोर्टाचा वेग, मोकळी जागा, लाइट, सराव कोर्ट या सगळ्यावर अटी असतात आणि जागेला आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची मंजुरी लागते.

आता खरी मेख. ठिकाण आणि सरफेस तुम्हाला खूप आधी कळवावं लागतं आणि दोन्ही टीमची नावं त्यानंतर जाहीर होतात. म्हणजे समोरून कोण येणार हे माहीत नसताना तुम्ही कोर्ट निवडत असता. पुढचे बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात, म्हणून ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवली तरी चालेल.

टायच्या पहिल्या दिवसापासून मागे मोजत तारखा लिहा: ड्रॉ (म्हणजे खेळणाऱ्यांची नावं देऊन रबरचा क्रम ठरवणारी सोडत), कॅम्प सुरू, टीम जाहीर करायची शेवटची तारीख, कोर्ट तयार असायची तारीख, ठिकाण कळवायची तारीख, खेळाडूंशी पहिलं बोलणं. खेळाडूंशी बोलणं हे ठिकाण कळवण्याच्या आधी आलं पाहिजे. तुमच्या वहीत ते नंतर आलं असेल तर वही चुकली आहे.

तपासा: हातातली नियमावली याच वर्षीची आहे ना? फॉरमॅट आणि मुदती २०१९ पासून बऱ्याचदा बदलल्यात, मागच्या मॅनेजरने ठेवलेल्या फाइलवर विसंबू नका.

## टप्पा २: तीन पॉइंट कुठून येणार ते कागदावर मांडा

पहिल्या दिवशी दोन एकेरी, त्यात एका देशाचा नंबर एक दुसऱ्याच्या नंबर दोनशी खेळतो. दुसऱ्या दिवशी आधी दुहेरी, मग नंबर एक विरुद्ध नंबर एक, आणि शेवटी नंबर दोन विरुद्ध नंबर दोन. नंबर एक कोण हे कॅप्टनच्या मनावर नसतं, एकेरीसाठी दिलेल्या दोघांपैकी ज्याचं रँकिंग वरचं तो एक.

प्रत्येक रबरसमोर दहापैकी किती वेळा आपण जिंकू ते प्रामाणिकपणे लिहा, आणि हे तीन-चार जणांनी वेगवेगळं, एकमेकांचं न बघता लिहायचं. एकत्र बसून लिहिलं की सगळे सीनिअर माणसाच्या आकड्याच्या आसपास येतात.

समजा समोरच्यांचा नंबर एक फारच भारी आहे, त्याची दोन्ही रबर गेली असं धरा. मग उरलेली तिन्ही तुम्हाला जिंकायला लागतात: तुमचा नंबर एक त्यांच्या दोनशी, तुमचा दोन त्यांच्या दोनशी, आणि दुहेरी. उदाहरणासाठी या तिघांना दहापैकी ७, ५ आणि ६ देऊ. तिन्ही एकत्र जिंकायची शक्यता येते २१ टक्के. आता असं सरफेस घ्या ज्यावर तुमच्या नंबर दोनची शक्यता ५ वरून साडेसहावर आणि दुहेरीची ६ वरून ७ वर जाते, एकूण शक्यता जवळपास ३२ टक्के होते. उलट त्यांच्या नंबर एकला त्रास देणारं सरफेस घेतलंत, त्याच्याविरुद्ध दोन्ही रबरमध्ये दहापैकी १ मिळाला, पण त्याच सरफेसवर तुमचाच नंबर दोन ५ वरून ४ वर घसरला, तर सगळं मिळून येतात साधारण २५ टक्के. आणि तो नंबर एक आलाच नाही तर? मग तुम्ही स्वतःच्या माणसाला विनाकारण त्रास देऊन बसलात.

या सगळ्या लेखात मला एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे ती हीच: कोर्ट निवडायचं ते आपल्या नंबर दोनसाठी आणि आपल्या दुहेरीच्या जोडीसाठी, त्यांच्या नंबर एकच्या विरुद्ध नाही.

हे नुसतं कागदी नाही. २०१७ ची फायनल बघा, लीलमध्ये फ्रान्स विरुद्ध बेल्जियम, इनडोअर हार्ड कोर्ट. बेल्जियमच्या डेव्हिड गोफाँने आपली दोन्ही एकेरी जिंकली. तरी फ्रान्स ३-२ ने जिंकलं, कारण त्सोंगा आणि पुई दोघांनीही बेल्जियमच्या नंबर दोनला, स्टीव्ह दार्सिसला हरवलं आणि दुहेरीही फ्रान्सने घेतली. शेवटचं निर्णायक रबर तेच, दोन विरुद्ध दोन.

सावधान: "आपला नंबर एक दोन्ही जिंकेल, मग कुठूनतरी एक मिळेल" हे गणित नाही. तो 'कुठूनतरी'चा पॉइंट कोणाच्या रॅकेटमधून येणार त्याचं नाव लिहा.

## टप्पा ३: कोण येणार हे आधी पक्कं करा

इथे सगळ्यात जास्त ढिलाई होते. रँकिंगच्या यादीत नाव आहे म्हणजे खेळाडू उपलब्ध आहे असं धरलं जातं. डेव्हिस कपचे आठवडे बघा, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन संपता संपता, सप्टेंबरमध्ये यूएस ओपननंतर, आणि नोव्हेंबरमध्ये सीझनच्या शेवटाला. तिन्ही वेळी खेळाडू दमलेला, बहुतेकदा दुसऱ्या टाइम झोनमधून येणारा, आणि बरेचदा पुढच्याच सोमवारी त्याला रँकिंगचे पॉइंट वाचवायला कुठेतरी खेळायचं असतं. ज्याचं रँकिंग ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगच्या सीमेवर आहे त्याच्यासाठी एक आठवडा सोडणं म्हणजे खरंच पोटापाण्याचा प्रश्न असतो, त्याला देशप्रेमाची शपथ घालू नका, त्याचं कॅलेंडर समोर घेऊन बसा.

बोलायचं कॅप्टनने. फेडरेशनच्या पत्राने नाही आणि ग्रुपवर मेसेज टाकून तर अजिबात नाही. मी एका टीमसोबत मॅनेजर म्हणून काम केलं तेव्हा एका चांगल्या दुहेरीच्या खेळाडूला आपण यादीत नाही हे पेपरमधून कळलं, पुढची दोन वर्षं तो आमचा फोन उचलायचा नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

प्रत्येकाला हे प्रश्न विचारा:

१. टायच्या आधीच्या दोन आठवड्यांत कुठे, कुठल्या सरफेसवर खेळतोयस?
२. टायनंतरची पहिली स्पर्धा कुठे आहे?
३. शरीरात कुठे काय दुखतंय, आणि तुझ्या फिजिओशी आमच्या फिजिओला बोलता येईल का?
४. कुठल्या सरफेसवर तू येशील आणि कुठल्यावर नाही?
५. गरज पडली तर एका दिवसात दुहेरी आणि एकेरी दोन्ही खेळशील का?

चौथा प्रश्न विचारायला लोक कचरतात, वाटतं की खेळाडूने अटी घालू नयेत. पण उत्तर आधी कळलेलं चांगलं. २०२४ च्या फेब्रुवारीत भारताची टीम इस्लामाबादला ग्रास कोर्टवर खेळायला गेली तेव्हा एकेरीतलं भारताचं सगळ्यात वरचं नाव, सुमित नागल, टीममध्ये नव्हता. मग रामकुमार रामनाथनबरोबर एकेरीत उतरवला श्रीराम बालाजी, जो मुळात दुहेरीचा खेळाडू. सर्व्ह चांगली, नेटवर यायची सवय, ग्रासवर हे चालतं, आणि टाय भारताने ४-० ने जिंकली. रँकिंगची यादी डोळे झाकून धरली असती तर बालाजीचं नाव एकेरीत सुचलंच नसतं.

कागदपत्रं याच टप्प्यावर: नागरिकत्व, चालू पासपोर्ट, आधी दुसऱ्या देशाकडून खेळलाय का, डोपिंग किंवा इंटेग्रिटीची (मॅच फिक्सिंगसारखी) काही बंदी आहे का, आणि वय, कारण डेव्हिस कपला किमान १४ पूर्ण लागतात. ऑलिंपिक पात्रतेसाठी राष्ट्रीय टीममध्ये ठरावीक वेळा असणं लागतं, बऱ्याच खेळाडूंच्या हे लक्षात नसतं, तेही सांगा.

तपासा: ज्यांच्यावर टप्पा २ चं गणित उभं आहे त्या तिघा-चौघांचा होकार लेखी आहे का? नसेल तर टप्पा ४ सुरू करू नका.

## टप्पा ४: सरफेस, आणि नुसतं 'हार्ड' म्हणून थांबू नका

हार्ड, क्ले, ग्रास ही फक्त पहिली पायरी. खरा फरक पडतो तो वेग, उसळी, बॉल, उंची आणि छप्पर या पाच गोष्टींनी, आणि या पाचही एकमेकांवर परिणाम करतात.

वेग. आंतरराष्ट्रीय महासंघ कोर्टाचा वेग मोजून पाच वर्गांत टाकतो, २९ पर्यंत स्लो, ३० ते ३४ मीडियम-स्लो, ३५ ते ३९ मीडियम, ४० ते ४४ मीडियम-फास्ट आणि ४५ किंवा त्याच्या वर फास्ट. हार्ड कोर्टचा वेग वरच्या रंगात वाळू किती आणि कशी मिसळली त्यावर बराच अवलंबून असतो. नवीन रंगवलेलं कोर्ट खरखरीत म्हणून स्लो खेळतं, वापरून गुळगुळीत झालं की वेग वाढतो. म्हणून "आम्हाला हार्ड कोर्ट द्या" एवढंच कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं तर जे मिळेल ते मिळेल. वेगाचा आकडा सांगायचा आणि तयार झाल्यावर मोजून घ्यायचा.

उंची. समुद्रसपाटीपासून वर गेलं की हवा विरळ, बॉल पळतो, स्पिन कमी पकडतो आणि उसळी वाढते. १,२१९ मीटरच्या वर वापरायला वेगळे हाय अल्टिट्यूड बॉल नियमातच आहेत. कोलंबिया बोगोटात म्हणजे साधारण २,६०० मीटरवर टाय घेतं तेव्हा पाहुण्यांना नुसता दम लागत नाही, त्यांचे नेहमीचे टॉपस्पिनचे फटके बाहेर जायला लागतात. पण हा फायदा तुमचे खेळाडू स्वतः तिथे वाढले असतील किंवा आधी पुरेसे दिवस राहिले असतील तरच. तुमची टीम युरोपात राहून ट्रेनिंग करत असेल आणि टायच्या चार दिवस आधी वर पोचणार असेल तर पाहुणे आणि यजमान सारखेच.

बॉल. स्पर्धेने ठरवून दिलेला ब्रँड कुठला ते पक्कं करून कॅम्पसाठी तोच मागवा, आणि भरपूर. पहिले सात गेम आणि मग दर नऊ गेमनंतर नवे बॉल येतात, तर सरावातही तसेच बदला. आठवडाभर जुन्या, फुगलेल्या बॉलवर सराव केलेला खेळाडू मॅचमध्ये पहिल्या नव्या बॉलवर रिटर्न उशिरा मारतो, हे अनेकदा बघितलंय.

छप्पर. इनडोअर म्हणजे वारा नाही, ऊन नाही, सर्व्हिस करणाऱ्याला आराम. तुमच्या नंबर दोनची सर्व्ह हेच त्याचं बळ असेल तर छप्पर त्याच्यासाठी सरफेसपेक्षा मोठी गोष्ट ठरू शकते.

आता समोरच्याला अडवायला सरफेस निवडण्याची किंमत. लीलमध्येच फ्रान्सने २०१४ च्या फायनलला मोठ्या स्टेडियममध्ये इनडोअर क्ले घातलं, समोर स्वित्झर्लंडचे फेडरर आणि वावरिंका. फेडरर पाठीच्या दुखण्यातून नुकता उठलेला, पहिल्या दिवशी मॉन्फिसकडून हरला, म्हणजे डाव लागला असंच वाटलं. पण मग त्याने दुहेरी घेतली, गास्केला हरवलं आणि स्वित्झर्लंड ३-१. २०१८ ला परत लील, परत क्ले, समोर क्रोएशियाचे चिलिच आणि चोरिच, फ्रान्स परत १-३. २०१७ ला त्याच शहरात हार्ड कोर्टवर जिंकलेला देश २०१४ आणि २०१८ ला क्लेवर हरला. अर्थात फक्त सरफेसने हरले असं कोणी म्हणू नये, पण स्वतःची दुहेरी आणि आक्रमक एकेरी हे बळ असताना कोर्ट संथ करण्यात फ्रान्सचं नक्की काय साधलं हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

त्याहून बोलकं उदाहरण २००८ चं. अर्जेंटिना यजमान, समोर स्पेन. एरवी क्लेवर खेळणाऱ्या अर्जेंटिनाने मार देल प्लाताला वेगवान इनडोअर कोर्ट घातलं, डोक्यात नदाल. आणि नदाल दुखापतीमुळे आलाच नाही. आलेल्या फेलिसियानो लोपेझला आणि व्हर्दास्कोला वेगवान कोर्ट मानवलं, लोपेझने शांघायहून थकून आलेल्या अर्जेंटिनाच्या देल पोत्रोला हरवलं, दोघांनी मिळून दुहेरी घेतली, आणि स्पेन ३-१ ने कप घेऊन गेलं.

सावधान: सरफेस ठरवताना समोरच्या टीममधली किमान दोन वेगळी नावं धरून गणित परत मांडा, एकदा त्यांचा नंबर एक आहे असं आणि एकदा नाही असं. दोन्ही वेळा जे सरफेस चालतं तेच घ्या.

## टप्पा ५: जागा

सरफेस ठरल्यावरच शहरं बघायची. आधी टेप घेऊन मोजमाप. दुहेरीचं कोर्ट २३.७७ बाय १०.९७ मीटर. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी बेसलाइनच्या मागे ६.४० मीटर आणि बाजूला ३.६६ मीटर मोकळी जागा सुचवलेली आहे, म्हणजे एकूण साधारण ३६.५७ बाय १८.२९. इनडोअर असेल तर नेटवरची उंची किमान ९.१४ मीटर. हे किमान आकडे आहेत हे विसरू नका, टायच्या नियमावलीत जास्त मागितलं असू शकतं, आणि लाइनमनच्या खुर्च्या, कॅमेरे, बाकं, जाहिरातींचे बोर्ड हे सगळं त्याच मोकळ्या जागेत घुसतं. बास्केटबॉलसाठी बांधलेल्या हॉलमध्ये नेमकं इथेच अडतं. नकाशावर सगळं बसतं, मग प्रत्यक्षात पहिली रांग बेसलाइनला चिकटते.

तुमचा नंबर दोन जर बेसलाइनच्या तीन-चार मीटर मागून रिटर्न घेणारा असेल तर मागची जागा ही त्याच्यासाठी चैन नाही, त्याचा खेळच त्यावर चालतो.

तात्पुरतं कोर्ट घालणार असाल तर जास्त सांभाळा. लाकडी पॅनेलवर रंगवलेल्या हार्ड कोर्टला सांध्यांवर उसळी बदलते, प्रत्येक सांध्यावर बॉल टाकून बघा. तात्पुरतं क्ले बसायला वेळ घेतं, रोलर आणि पाणी रोज, आणि त्यावर खरंच खेळलं गेल्याशिवाय ते घट्ट होत नाही. माझं मत विचाराल तर टायच्या आठ दिवस आधी कोर्टवर माणसं खेळत नसतील तर तात्पुरतं क्ले घेऊच नका. ग्रासला तर आठवड्यांचं नाही, महिन्यांचं नियोजन लागतं, ते फक्त जिथे वर्षभर माळी राखतोय अशाच क्लबमध्ये. भारताने मार्च २०२२ मध्ये डेन्मार्कला दिल्ली जिमखान्याच्या ग्रासवर बोलावून ४-० ने हरवलं, तिथे कोर्ट आधीपासून होतं, आयत्या वेळी घडवायचं नव्हतं.

जागा बघायला जाल ती वेळ मॅच सुरू व्हायची तीच ठेवा. सकाळी अकराला बेसलाइनवर उभं राहून बॉल वर फेका, सूर्य डोळ्यात येतोय का ते कळेल. संध्याकाळी लाइट लावून लॉब म्हणजे उंच फटके मारा.

मग बाकीची यादी, ती पटकन: त्याच सरफेसची सराव कोर्ट, दोन्ही टीमला सारखी ड्रेसिंग रूम, स्ट्रिंगरसाठी (रॅकेटच्या तारा ओढणाऱ्यासाठी) जागा, डोपिंग कंट्रोलची खोली, हॉस्पिटल किती मिनिटांवर, एअरपोर्ट, हॉटेल ते कोर्ट प्रवास, वीज गेली तर जनरेटर, आउटडोअर असेल तर कव्हर आणि पाऊस लांबला तर तिसरा दिवस मोकळा आहे का.

सुरक्षा आणि राजकारण हे शेवटच्या ओळीत ढकलू नका. २०१९ ची भारत-पाकिस्तान टाय इस्लामाबादला ग्रासवर व्हायची होती, सुरक्षेच्या कारणाने ती तटस्थ ठिकाणी म्हणजे कझाकस्तानच्या राजधानीत इनडोअर हार्ड कोर्टवर हलवली गेली, आणि पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक आणि अकील खान यांनी निषेध म्हणून माघार घेतली. एका निर्णयाने शहर, सरफेस आणि टीम तिन्ही बदलली. म्हणून दुसरी जागा कागदावर तयार ठेवा आणि ती शक्यतो त्याच सरफेसची असू दे.

तपासा: कॉन्ट्रॅक्टमध्ये कोर्ट कुठल्या तारखेला, कुठल्या वेगाचं मिळणार आणि नाही मिळालं तर काय, हे लिहिलंय का? स्टेडियमची सीट किती हे सगळे विचारतात, हे कोणी विचारत नाही.

## टप्पा ६: पाच नावं

आता यादी. पाच जागा आहेत, त्या पाच माणसांना नाही तर पाच कामांना द्या: एकेरी एक, एकेरी दोन, दुहेरीचे दोन, आणि एक असा की जो वरच्यांपैकी कोणीही पडला तर उभा राहील. पाचवा बहुतेकदा "अनुभव मिळावा" म्हणून एखादा ज्युनियर नेतात. न्या की, पण सराव पार्टनर म्हणून, यादीबाहेर. यादीतला पाचवा खेळायला लायक हवा. २०१० च्या बेलग्रेडच्या फायनलमध्ये सर्बियाचा टिप्सारेविच पहिल्या दिवशी हरला, २-२ झाल्यावर त्याच्या जागी ट्रॉयकीला उतरवलं, त्याने फ्रान्सच्या ल्योद्राला हरवलं आणि कप सर्बियाचा. बाकावर तसा माणूस होता म्हणून कॅप्टनला तो निर्णय घेता आला.

रँकिंग की फॉर्म हा वाद मला अर्धवट वाटतो. विचारायचं असं: याच सरफेसवर, याच वेगाच्या कोर्टवर, मागच्या वर्षभरात याने कोणाला हरवलं? २००४ च्या सेव्हिलच्या फायनलला स्पेनने माजी अव्वल खेळाडू फेरेरोला पहिल्या दिवशीच्या एकेरीतून बाजूला ठेवून १८ वर्षांच्या नदालला अमेरिकेच्या रॉडिकसमोर क्लेवर उभा केला. नाव आणि मान बघितला असता तर हे झालं नसतं. नदाल जिंकला.

दुहेरीची जोडी ही दोन चांगल्या खेळाडूंची बेरीज नसते. दोघांपैकी एक तरी ॲड कोर्टवर (कोर्टाच्या डाव्या बाजूने) सहज रिटर्न करणारा हवा, आणि दोघांनी एकत्र किमान दोन-तीन स्पर्धा खेळलेल्या असाव्यात. बोलणं नसलेल्या दोघांना "देशासाठी जुळवून घ्या" म्हणून एकत्र उतरवणं हा प्रयोग करू नका, निर्णायक टायब्रेकमध्ये ते दिसतं.

एक बारीक गोष्ट, जी फार कमी लोक बघतात. दुसऱ्या दिवशी दुहेरी संपली की लगेच नंबर एकचं रबर असतं, नंबर दोनचं त्यानंतर. म्हणजे एकेरीतल्या कोणाला दुहेरीत घालायचंच असेल तर नंबर दोनला एक अख्खी मॅच विश्रांती मिळते, नंबर एकला जवळपास काहीच नाही. सवयीने सगळे नंबर एकलाच घालतात.

सावधान: यादी जाहीर करण्याआधी वगळलेल्या प्रत्येकाला कॅप्टनचा फोन गेला पाहिजे, आणि कारण खरं सांगायचं. पुढच्या वर्षी तोच लागणार आहे.

## टप्पा ७: कॅम्प

पहिले दोन दिवस फक्त बॉल आणि उसळीची सवय, पॉइंट नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सराव सेट, मुख्य कोर्टवर आणि मॅचच्याच वेळी. टाइम झोन ओलांडून येणाऱ्याला दर एका तासाच्या फरकाला साधारण एक दिवस लागतो असा अंदाज धरून तिकिटं काढा, निदान तुमच्या एकेरीच्या दोघांची तरी.

स्ट्रिंगिंगकडे लक्ष द्या, नव्या वेगाच्या कोर्टवर खेळाडू ताण एक-दोन पाउंड इकडे तिकडे करून बघतात आणि ते सेट व्हायला दोन दिवस जातात, स्ट्रिंगर टायच्या आदल्या दिवशी आला तर त्याचा उपयोग नाही. एकेरीचा सराव करताना सिंगल्स स्टिक (एकेरीसाठी बाजूची नेट उचलून धरणाऱ्या काठ्या) लावा, त्या नसल्या तर बाजूची नेट खाली असते आणि डाउन द लाइन म्हणजे कडेच्या रेषेलगतच्या फटक्याचा अंदाज चुकतो.

एकेरी कोण खेळणार हे कॅप्टनने कॅम्पच्या मध्यापर्यंत मनाशी ठरवलेलं असावं आणि त्या दोघांना सांगितलेलं असावं. ड्रॉच्या सकाळपर्यंत ताटकळत ठेवलं तर सगळे एकमेकांविरुद्ध सराव खेळतात, एकमेकांसाठी नाही.

## टप्पा ८: ड्रॉ आणि दुसऱ्या दिवसाची अदलाबदल

ड्रॉला दिलेली नावं म्हणजे पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी कॅप्टन मुदतीच्या आत दुहेरीची जोडी आणि एकेरीचे खेळाडू बदलू शकतो, म्हणून ड्रॉला दाखवलेली दुहेरीची जोडी बघून घाबरू नका आणि तुमचीही शेवटची समजू नका.

पहिल्या दिवसानंतरचे तीन निकाल, म्हणजे २-०, १-१, ०-२, यातल्या प्रत्येकासाठी दुसऱ्या दिवशी कोण खेळेल हे टायच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवा. रात्री हरल्यावर डोकं तापलेलं असताना घेतलेला निर्णय बहुतेकदा हरलेल्या खेळाडूला शिक्षा देणारा असतो. ०-२ म्हणजे संपलं असंही नाही. २०१८ ला तिआन्जिनमध्ये चीनविरुद्ध भारत ०-२ होता, पेस-बोपण्णाने दुहेरी घेतली, पुढची एकेरीही भारताने घेतली आणि शेवटचं रबर प्रज्ञेश गुणेश्वरनने जिंकून ३-२ केलं.

## टप्पा ९: तुम्ही पाहुणे असाल तर

जागा तुमच्या हातात नाही, पण माहिती आहे. यजमानांनी सरफेस जाहीर केल्या दिवशी ते कोर्ट कोणी घातलं, आधी तिथे कुठली स्पर्धा झाली, बॉल कुठला, उंची किती ते शोधा आणि घरी शक्य तितकं तसंच कोर्ट मिळवा. क्ले जाहीर झालं म्हणून नेहमीचे खेळाडू वगळून "क्लेवाले" शोधायची घाई करू नका. १९९३ मध्ये भारताने फ्रान्सला फ्रेजुसच्या क्लेवर हरवलं ते रमेश कृष्णन आणि लिअँडर पेस यांच्या जोरावर, आणि दोघांनाही कोणी क्लेचे खेळाडू म्हणणार नाही. उलट १९८७ ची गोथेनबर्गची इनडोअर क्लेवरची फायनल स्वीडनकडून ०-५ गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून टप्पा २ चा कागद परत काढा आणि नवीन सरफेससाठी आकडे नव्याने लिहा.

टाय संपली की त्याच रात्री मॅनेजरने एक पान लिहायचं: कोर्टाचा मोजलेला वेग, बॉल, कुठल्या तासाला सावली कुठे होती, सांधे कुठे उघडले, कुठल्या खेळाडूने टायआधी दिलेला आकडा आणि प्रत्यक्ष निकाल यात किती फरक पडला. पुढच्या वेळी याच देशाशी भिडाल तेव्हा यजमानपद दुसऱ्या बाजूला असेल, मधे पाच-सात वर्षं गेली असतील आणि कॅप्टनही बदललेला असेल, त्याच्या हातात हे पान असलं पाहिजे.